विकायच्या आधीची वरात

तुमच्या गावात कुणाची वरात पारापुढून मोठ्या रस्त्यानं जाते आणि कुणाला मागच्या पांदीनं, शेतातल्या अरुंद वाटेनं, जायला सांगितलं जातं, हे तुम्ही कधी नीट बघितलंय का?

आमच्या घराला ते बघावंच लागलं, एका मोटारीमुळे. अमेरिकी बनावटीची, दोन दारांची, कापडी टप मागे दुमडून ठेवता येईल अशी. रंग पिस्त्याचा. स्टिअरिंग डाव्या हाताला आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच चिकटलेला. निजामाचं राज्य गेल्यावर एका जहागीरदारानं आपला पसारा विकायला काढला, त्यात ही होती. माझे आजोबा जालन्यात वकिली करायचे. त्यांनी ती घेतली, पण कोर्टात ते सायकलवरच गेले. मोटार त्यांनी ठेवली वरातींसाठी. ज्या नवरदेवाला गावात घोड्यावर बसू देत नाहीत, त्याच्यासाठी. भाडं घ्यायचं नाही, चालवायला घरचा माणूस जाणार, आणि अट एकच: वरात मोठ्या रस्त्यानंच गेली पाहिजे. मागच्या वाटेनं न्यायची असेल तर बैलगाडी बघा, असं ते तोंडावर सांगायचे.

आजोबांमागे हे काम बाबांकडे आणि काकांकडे आलं. बाबांचा छापखाना होता. पाणवठ्याची, मजुरीची, हुंड्याविरुद्धची पत्रकं तिथं छापली जायची. मी शाळेत जायच्या आधी पत्रकांच्या घड्या घालायला शिकले आणि वाचायलाही त्यांच्यावरच शिकले. म्हणून असेल, मजकुराच्या शेवटी काही मागणी नसली तर मला अजून तो अर्धवट वाटतो. काका मात्र कमी बोलणारे. बाबा पत्रकं छापायचे तेव्हा काका मोटारीखाली आडवे असायचे. ती चालवणं फक्त त्यांनाच जमायचं.

मोटार विकायचं काकांनीच काढलं. टप सडला होता, सुटे भाग मिळत नव्हते, काकांचे खांदे वर होत नव्हते. मी भांडले. विकायची म्हणजे काय, ती काय आपली आहे का, ती त्या सगळ्या नवरदेवांची आहे, असं बरंच बोलले. काकांनी हात पुसत पुसत ऐकून घेतलं.

"तुला पत्रक लिहिता येतंय बाई. हिचा क्लच दाबता येतो का? मी गेलो की ही भंगार आहे. मंग लिही तिच्यावर पत्रक."

 बाबांचीही विकायला संमती होती.

पुण्याचे एक संग्राहक यायचे ठरले. अशा जुन्या गाड्या गोळा करणं हाच त्यांचा छंद. भारतात ही जात फार थोडी उरली आहे, असं ते फोनवर म्हणाले होते. त्याच आठवड्यात शहागडच्या अलीकडच्या एका गावातून एक गृहस्थ आले. त्यांचा मुलगा अंकुशनगरला साखर कारखान्याच्या ऑफिसात. रविवारी लग्न. दलित वस्तीतून पारापुढून गाडीतली वरात आजवर गेली नव्हती. मुलानं हट्ट धरला होता आणि गावानं गोड बोलून पांद सुचवली होती. बाबांनी मोटार द्यायचा शब्द दिला. काकांनीही होकारार्थी मान डोलावली. संग्राहक रविवारनंतर येणार, असं सगळ्यांनीच धरलं होतं.

ते आले गुरुवारी. सोबत त्यांचा जाणकार माणूस होता, आणि बाहेर रस्त्यावर गाडी चढवून न्यायचा मोठा ट्रक उभा. संग्राहक अगदी सभ्य होते. चप्पल बाहेर काढून शेडमध्ये आले, जसं काही देवघर. काकांनी मोटार धुऊन पुसून ठेवली होती, डिकीसुद्धा रिकामी करून आरशासारखी लख्ख. जाणकारानं खिशातून रुमालात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून हळूहळू फिरवायला लागला. ते पत्र्याला धरून राहत होतं. बोनेट झालं, डावं दार झालं. उजव्या दारावर मध्यभागी आलं आणि निसटून खाली पडलं. त्यानं उचलून परत लावलं. परत पडलं.

"इथं पुट्टी भरलीय," तो म्हणाला. "ताजी आहे. अपघात झाला होता का?"

 बाबा गुडघ्यांमुळे शेडमध्ये फारसे जात नसत. ते काठी टेकत पुढे आले, दारावरून हात फिरवला आणि काकांकडे बघितलं.

"खड्डा कुठंय?"

"बुजवला दादा," काका म्हणाले. "गिऱ्हाईक येणार म्हणून."

तो खड्डा दगडाचा होता. बाबांच्या तरुणपणी अंबडकडच्या एका गावात वरात पाराजवळ आली तेव्हा माडीवरून आलेल्या दगडाचा. मोटार आजोबा स्वतः चालवत होते. ते थांबले नाहीत. तक्रार दिली, तिचं काही झालं नाही. खड्डा त्यांनी मुद्दाम राहू दिला होता, आणि पुढची प्रत्येक वरात तो दारावर घेऊनच गेली होती. बाबांनी हे सगळं संग्राहकांना उभ्यानं सांगितलं. आवाज चढवला नाही. काका खाली बघत होते.

संग्राहकांचा चेहरा बदलला. मला वाटलं आता निघतील. ते म्हणाले, हे आधी सांगायला हवं होतं, खड्डा तसाच असता तर गाडीचं मोल वाढलं असतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले की तुम्ही लिहिता असं ऐकलंय, तर ही हकिगत एका पानात लिहून द्या, प्रदर्शनात गाडीपुढे फलक लावू.

माझं डोकं सणकलं. ज्या दगडानं माणसाचं डोकं फुटलं असतं त्याचा खड्डा आता शोभेला हवा होता. पण मी ओरडले नाही. म्हटलं, लिहून देईन, पण हकिगत संपलेली नाही. तिचा एक भाग रविवारी आहे. तो झाल्यावर गाडी न्या.

ते हसले, मग मी हसत नाही हे बघून थांबले. ट्रक दारात उभा आहे, म्हणाले. व्यवहार ठरल्यावर गाडी कुणी रस्त्यावर काढतं का? बाबा म्हणाले, शब्द आधीचा आहे.

"आणि परत दगड आला तर?" संग्राहकांनी विचारलं.

"तर तो बुजवू नका," बाबा म्हणाले.

बराच वेळ संग्राहक आणि त्यांचा जाणकार शेडच्या बाहेर जाऊन बोलले. शेवटी संग्राहकांनी सांगितलं: रविवारपर्यंत थांबतो, स्वतः वरातीत मागे राहतो, पण गाडीला ओरखडा आला किंवा इंजिन गेलं तर व्यवहार मोडला. काकांनी मान डोलावली. त्यांचा सगळा जीव त्या व्यवहारात होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. त्यांना मोटार कुणाच्या तरी चांगल्या हातात गेलेली बघायची होती. रविवारी तिला काही झालं असतं तर हा व्यवहार त्यांच्या डोळ्यांदेखत मोडला असता.

रविवारी ऊन कडक होतं. टप मागे दुमडला. मागच्या सीटवर नवरा-नवरी, पुढे काका चालवायला आणि शेजारी बाबा. मी उजव्या दाराला धरून चालत होते, बुजवलेल्या जागेवर हात ठेवून. पुढे हलगी, मागे वस्तीतली माणसं, त्यांच्या मागे संग्राहकांची पांढरी गाडी. मोटारसायकलवर एक पोलीस शिपाई होता, तो सारखा घड्याळाकडे बघत होता. वाटेत गावचे एक पुढारी आडवे आले आणि बाबांना हात जोडून म्हणाले की पांद साफ करून घेतलीय, गाडीला बराबर जागा आहे, उगीच तमाशा कशाला. बाबांनीही हात जोडले आणि काकांना म्हणाले, चल.

पार दिसायला लागला. पारावर माणसं बसली होती, काही उभी.  हलगीवाल्यांचा हातही हळू पडायला लागला होता. मी माड्यांकडे बघत होते. नवरदेव ताठ बसला होता, आणि नवरीनं पदराखालून त्याचं मनगट धरलं होतं.

आणि बरोबर पारासमोर बोनेटमधून वाफ आली.

ही मोटार लांब पळायला केलेली. माणसाच्या पावलानं, उन्हात, ती नेहमीच तापायची. म्हणून काका प्रत्येक वरातीला डिकीत पाण्याचे डबे न्यायचे. त्यांनी इंजिन बंद केलं, उतरून डिकी उघडली आणि तसेच उभे राहिले. गुरुवारी पाहुण्यांना डिकी स्वच्छ दिसावी म्हणून डबे काढले होते. ते जालन्यात शेडमध्ये राहिले होते.

हलगी थांबली. आता फक्त रेडिएटरचा सू-सू आवाज. पारावरून कुणीतरी म्हणालं, "टँकर मागवा की अमेरिकेहून." हसू पसरलं. शिपाई मोटारसायकलवरून उतरला, पण पुढे आला नाही. नवरदेव उठायला लागला, म्हणाला, आपण चालत जाऊ. नवरीनं त्याचं मनगट सोडलं नाही.

"बसा," ती म्हणाली. "उतरलात तर मी एकटी बसून राहीन."

तो बसला.

काका सगळ्यात जवळच्या दाराशी गेले. पाणी द्या, एवढंच म्हणाले. दार अर्धं उघडं होतं. आतून काही हालचाल नाही.  मग एक बाई डोक्यावर पदर घेऊन घागर कमरेवर घेऊन बाहेर आली. पारावरचा एक म्हातारा उठला. तो तिचा सासरा असावा.

"घागर आत घे."

ती थांबली. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "गाडीला पाजून राह्यले मामंजी. माणसाला न्हाई."

ते वाक्य मला झोंबलं. आजही झोंबतं. पण त्याच वाक्याच्या आडोशानं ती उंबरा ओलांडून रस्त्याच्या मध्यापर्यंत आली होती. काकांनी हातावर फडकं गुंडाळून झाकण सैल केलं, वाफ जाऊ दिली. ते घाई करत नव्हते, आणि त्यांनी घाई करू नये म्हणून मी मनातल्या मनात विनवत होते. मग थोडं थोडं पाणी. पारावर आता कुणी हसत नव्हतं. सगळे त्या घागरीकडे बघत होते.

घागरीत तळाला थोडं उरलं. काका ती परत द्यायला लागले, तेवढ्यात मागच्या सीटवरून नवरीनं ओंजळ पुढे केली.

"ताई, मलाबी."

बाई जागच्या जागी उभी राहिली. म्हाताऱ्यानं काठी आपटली. मला वाटलं, आता ती वळेल. तिनं काकांच्या हातातून घागर घेतली, दाराशी आली, माझा हात कोपरानं बाजूला सारला आणि नवरीच्या ओंजळीत पाणी ओतलं. घागर तोंडापाशी ओली झाली, नवरीच्या हळदीच्या हातांना लागली. बाईनं ती पुसली नाही. कमरेवर घेतली आणि सासऱ्याच्या समोरून घरात गेली.

काकांनी चावी फिरवली. इंजिन लागलं. हलगीवाल्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

दगड आला नाही. मोटार दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढली. काका चढवताना मदत करत होते आणि त्या जाणकाराला सांगत होते की उन्हात हिला हळू चालवू नका, जल्दी तापती. संग्राहक बुजवलेला खड्डा उकरून काढणार आहेत म्हणे. मी त्यांना पान लिहून दिलं. घागरीची हकिगत वगळता येईल का, असं त्यांनी नम्रपणे विचारलं. प्रदर्शनाला सगळ्या तऱ्हेचे लोक येतात, म्हणाले. मी नाही म्हटलं. फलक लागला की नाही, मला माहीत नाही.

त्या बाईला घरात नंतर काय ऐकावं लागलं, तेही मला कळलेलं नाही. विचारायला गेले तर तिच्यावरच बालंट येईल, म्हणून गेले नाही. हे मात्र डोक्यातून जात नाही.

गेल्या आठवड्यात भोकरदनकडून फोन आला. मुलीच्या वडिलांचा. मोटार मिळेल का, त्यांनी विचारलं. बाबांनी फोन माझ्याकडे दिला आणि मला सांगावं लागलं की आता आमच्याकडे काही नाही. पलीकडून ते बरं म्हणाले.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्याच्या दारात गाडी उभी आहे, मग ती जीप असो, ट्रॅक्टर असो, हप्त्यावर घेतलेली छोटी मोटार असो, त्यानं आपल्या तालुक्यातल्या अशा एखाद्या घरी जाऊन या लग्नसराईआधी एवढंच सांगावं: गाडी घेऊन मी येतो, आणि चालवायलाही मीच बसतो.