डाव्या हातातल्या बांगड्या

"इनव्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा," असं म्हणून डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. म्हणजे स्तनातल्या दुधाच्या नळीत सुरू होऊन बाहेर पसरू लागलेला कॅन्सर. हा अर्थ मला त्यांनी नाही, बाहेरच्या कंपाउंडरने सांगितला, तोही दुसऱ्या कुणाच्या फायली लावता लावता. अलिबागच्या त्या दवाखान्यात भिंतीवर हसऱ्या बाळाचं कॅलेंडर होतं. मला त्या बाळाचा भयंकर राग आला.

हे मी ऑपरेशनमधून उठलेल्या किंवा उठणार असलेल्या बायकांसाठी लिहिते आहे. धीर द्यायला नाही. धीर देणारे तुम्हाला दारोदार भेटतील, आणि त्यातल्या निम्म्यांना तुमचा आजार नक्की कुठे आहे तेही माहीत नसेल. मला फक्त डाव्या हाताबद्दल सांगायचं आहे.

आधी मॅमोग्राफी झाली. हा स्तनाचा एक्स-रे असतो, दोन पट्ट्यांमध्ये दाबून काढतात. मग बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं. मग पनवेलला ऑपरेशन. डावा स्तन काढला आणि काखेतले लिम्फ नोड्सही काढले. लिम्फ नोड्स म्हणजे बारीक गाठी. हातात साचणारं पाणी त्यांच्यातून गाळून परत जातं.

टाके निघाले त्या दिवशी फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "मॅडम, या हातातल्या पाण्याची परतीची वाट आता अरुंद झालीय. या हाताला सुई नाही, बीपी नाही, ओझं नाही, घट्ट काही नाही. कापलं, भाजलं तर लगेच यायचं. हे आयुष्यभर हं." मी मान डोलावली. तेवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते आहे. मान डोलावणाऱ्या पोरांना कितपत कळलेलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी डावखुरी आहे. फळ्यावर लिहायचा हात तोच. जूनमध्ये शाळेत रुजू व्हायचं, एवढ्या एका गोष्टीवर मी केमोचे दिवस काढले. बाकी वेटिंग रूममध्ये आधार वाटावा असं काही नव्हतं. एक गृहस्थ बायकोला सलाइन लागली की सगळ्यांना पपईच्या पानांचा रस सुचवत फिरायचे. बायको डोळे मिटून पडलेली असायची. तिला झोप लागत नसे, ती फक्त नवऱ्याला टाळत असे.

आता मैत्रिणी. डी.एड.च्या हॉस्टेलपासून आम्ही चौघी. पेणची सुनंदा, माणगावची मीना, म्हसळ्याची रझिया आणि रेवदंड्याची मी. चौघी मास्तरणी. आजारपणात त्या मला बघायला एकदाच आल्या. मीनाने याच आजाराने गेलेल्या जावेची गोष्ट सांगितली, शेवटच्या आठवड्यासकट. रझिया इतकी रडली की मलाच उठून तिला पाणी द्यावं लागलं. सुनंदाने माझी उशी तीनदा सारखी केली आणि तिन्ही वेळा बिघडवली. त्यानंतर रोज सकाळी ग्रुपवर गुलाबाचं फूल यायचं. मी ग्रुप म्यूट केला आणि मनातल्या मनात तिघींना नापास करून टाकलं.

उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले, आणि सुनंदाने जाहीर केलं की मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी हरिहरेश्वर. नवरा म्हणाला, जा. मी गेले. नाही म्हटलं असतं तर तिघींनी माझी कीव केली असती.

सुनंदाने मला रेवदंड्याहून गाडीत घेतलं. आगरदांड्याला फेरीत चढून दिघीला उतरलो तर धक्क्यावर मीना आणि रझिया गुलाबी टी-शर्ट घालून उभ्या. छातीवर मोठ्या अक्षरांत 'फायटर'. दोघींचे साडीवरचे ब्लाउज टी-शर्टाखालून फुगलेले. सुनंदाने आपलाही चढवला. माझ्यासाठीचा मी पिशवीत कोंबला. मी कुणाशीही लढले नव्हते. मी पडून राहिले होते आणि लोकांनी मला सुया टोचल्या होत्या. शिवाय मीनाने माझ्यासाठी डब्यातून मुगाची खिचडी आणली होती. त्या तिघी माझ्यासमोर सुरमई खाणार आणि मी खिचडी गिळणार, अशी मोठी प्रेमळ योजना.

हरिहरेश्वरला पोचल्यावर देवळाच्या रस्त्यावरच्या बांगड्यांच्या दुकानात गेलो. आमची ही पद्धत आहे, आणि तिला एक कारण आहे. बारा वर्षांपूर्वी सुनंदाचा नवरा गेला. पुढच्या सहलीत आम्ही बांगड्या भरायला बसलो तेव्हा ती बाजूला उभी राहिली. रझियाने तिला ओढून बसवलं आणि म्हणाली, "हिला पण भरा." कासारीण सुनंदाच्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिली. रझिया म्हणाली, "माझ्या तरी कपाळावर कुठे कुंकू आहे? मला भरताय ना?" तेव्हापासून जिचं वर्ष सगळ्यात वाईट गेलं ती पहिली बसते, आणि रंग सुनंदा निवडते.

सुनंदाने हिरवा निवडला. मी बसले.

उजवा हात झाला. कासारीण म्हणाली, "दुसरा दे बाय. ढिला सोड." तिघी माझ्याकडे बघत होत्या, डोळ्यांत पाणी आणून, त्या हास्यास्पद टी-शर्टांत. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोलले असते तर पुन्हा हळहळ, पुन्हा ती जाऊ, पुन्हा खिचडी. यांना काय सांगायचं, असं मला मनापासून वाटलं. मी डावा हात पुढे केला. कासारणीने साबण लावून, बोटं दाबून सहा बांगड्या चढवल्या.

दुपारी उन्हात फिरलो. संध्याकाळी हात जड वाटला. मी कुर्त्याची बाही खाली ओढली. रविवारी सकाळी बांगड्या मांसात रुतल्या होत्या आणि मूठ मिटत नव्हती. चहाचा कप मी उजव्या हाताने धरला. रझिया म्हणाली, "तू कधीपासून उजवी झालीस? हात दाखव बघू."

तिने बाही वर केली. मग मी सांगितलं. नोड्स, पाणी, घट्ट काही नाही, कापलं तर जंतू पसरायची भीती. सगळं दोन मिनिटांत सांगून झालं.

साबण लावला, तेल लावलं, बांगडी हलेना. रझिया फोडू या म्हणाली. मीना तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं, फोडायच्या कशा? नवरा आहे तिला."

"माझ्या फोडल्या तेव्हा घरभर बायका होत्या," सुनंदा म्हणाली. "हात कापेल का, एवढंही एकीने बघितलं नाही. पक्कड आणा."

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी दारातूनच सांगितलं, "हाय, पण गंजलीय ओ ताय." सुनंदाने ती उकळत्या पाण्यात टाकली. मग अंगातला टी-शर्ट काढला, कात्रीने त्याच्या पट्ट्या केल्या आणि एकेक पट्टी चमच्याच्या दांड्याने बांगडीखाली सारली. रझियाने माझं मनगट धरलं. मीना डोळे मिटून मनातल्या मनात स्तोत्र म्हणत होती, पण पडणारी काच ती ओंजळीत झेलत होती. सहाही बांगड्या निघाल्या. एक ओरखडासुद्धा आला नाही.

सुनंदाने पक्कड खाली ठेवली. "आम्ही मूर्ख वाटतो ना तुला? वाटू दे," ती म्हणाली. "पण मूर्खांना सांगावं लागतं. तो हात मी माझ्या हौसेने घालवला असता, आणि तू गप्प बसून मला घालवू दिला असतास."

मला लाज वाटली. आजारपणाची कधी वाटली नव्हती तेवढी. वर्षभर मी सगळ्यांना खालच्या इयत्तेत बसवून वरून बघत होते, आणि त्यात मला बरं वाटत होतं.

सोमवारी पनवेलला डॉक्टर म्हणाले, "लिम्फिडिमा." म्हणजे पाणी साचून आलेली सूज. "बांगड्यांनीच झालं असं नाही म्हणता येणार, ऊनही लागलंय. पण सांगितलं होतं ना तुम्हाला?" मी म्हटलं, "सांगितलं होतं. मी पुढे सांगितलं नाही." सूज बरीचशी उतरली, सगळी नाही. दिवसभर कॉम्प्रेशन स्लीव्ह घालावी लागते. ही दाब देणारी लांब बाही असते आणि ती चढवणं हे एक दिव्यच असतं. खडू धरता येतो. ओळी जरा तिरक्या जातात, आणि चौथीतली पोरं ते मला बजावून सांगतात.

स्लीव्ह आली त्या दिवशी सुनंदा पेणहून एसटीने आली. पकड मिळावी म्हणून रबरी हातमोजे घातले, माझ्यासमोर बसली आणि स्लीव्ह बोटांपासून वर सरकवू लागली. मनगटाशी थांबून तिने विचारलं, "दुखतंय का?"

सवयीने 'नाही' तोंडाशी आलं होतं.

"हो," मी म्हटलं. "खूप दुखतंय. हळू घे."