वाऱ्याचा काठ

या जगात मला सर्वांत जास्त राग कुणाचा आला असेल, तर तो माझ्या साडूचा. अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या बर्फाचा येतो, रस्त्यावरच्या खड्ड्यांचा येतो, मॅनेजरचा तर रोज येतो; पण हे सगळे राग संध्याकाळपर्यंत उतरतात. साडूचा राग मात्र मी वर्षानुवर्षं जपून ठेवलाय. माझ्या मेहुणीचा हा नवरा मूळचा नागपूरचा, गाड्यांच्या ब्रेकचा इंजिनिअर आणि कट्टर शाकाहारी. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेला तर प्रत्येक भांड्याचं झाकण उचलून वास घेणार, शंका आली तर नुसत्या पोळीवर लोणचं घेऊन कोपऱ्यात बसणार. अशा माणसाला अमेरिकेत येऊन छंद लागला तो मासे धरायचा! शिवाय त्याला पोहता येत नाही. म्हणून एकट्यानं तळ्यावर जायचं नाही अशी मेहुणीनं अट घातली, आणि त्या अटीपायी दर शनिवारी माझा बळी जाऊ लागला.

मी अलिबागचा. मासा म्हटला की मला कढई दिसते. हा गृहस्थ चार-चार तास ताटकळून चांगला दोन किलोचा मासा ओढून काढायचा, त्याचा जबडा अंगठ्यानं धरून त्याच्या डोळ्यात बघायचा आणि ‘जा बाबा, घरचे वाट पाहून राहिले असतील’ म्हणून पाण्यात सोडून द्यायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बोटीत ताडकन उभाच राहिलो आणि आम्ही दोघं उलटता उलटता वाचलो. एक तरी घरी नेऊ, असं मी विनवलं. त्यावर, माझ्या बोटीत हत्या होणार नाही, असं त्यानं एखाद्या मठाधिपतीच्या थाटात सांगितलं. माझ्या डब्यात उकडलेलं अंडं निघालं तर तेही त्याला चालत नसे. गळाला आमिष म्हणून लावायच्या रबरी अळ्या मात्र त्यानं मेहुणीच्या स्वयंपाकघरातून पळवलेल्या मसाल्याच्या डब्यात रंगांप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. जिऱ्याच्या वाटीत जांभळ्या आणि हळदीच्या वाटीत हिरव्या. त्या डब्यावरून त्यांच्या घरात महिनाभर अबोला होता.

धरायचा तो एकाच जातीचा मासा, बॅस. पण हा त्याला ‘बास’ म्हणायचा. इथले लोक बॅस म्हणतात, तुला हसतात, असं मी किती वेळा तरी सांगितलं. ‘म्हणू द्या ना भाऊ, माशाला कुठं ऐकू येऊन राहिलं?’ हे त्याचं उत्तर.

शहाणी माणसं वारा सुटला की बोट गॅरेजमध्ये ठेवतात. हा वारा सुटला की ती बाहेर काढायचा. त्याचा सिद्धांत असा, की वारा बारीक मासळीला ज्या काठाकडे ढकलतो त्या काठाला बास जेवायला येतात, तेव्हा जिथं लाटा आपटत असतील तिथंच जायचं. त्याला तो ‘वाऱ्याचा काठ’ म्हणायचा. वारा नसेल त्या दिवशी तो गळाला हातही लावत नसे, निवांत घरी बसून तर्री-पोहे खायचा. वादळी दिवशी मात्र त्याचा चेहरा खुलायचा. पत्र्याची ती चिमुकली बोट लाटांवर आदळायची, माझ्या नाकातोंडात पाणी जायचं, आणि हा लाइफ जॅकेटमध्ये फुगून पुढे बसून गुणगुणत असायचा. मी काठावर उतरेपर्यंत त्याला शिव्या घालत असे. त्यानं कधी उलटून उत्तर दिलं नाही, याचा तर मला अधिकच संताप यायचा.

आणि गेल्या वसंतात त्याची नोकरी गेली. ग्रीन कार्डच्या रांगेत त्याची निम्मी जवानी गेली होती, नंबर काही आला नव्हता. दोनेक महिन्यांत दुसरी नोकरी, तीही व्हिसा देणारी, मिळाली नाही तर बायको आणि इथंच जन्मलेली लेक घेऊन नागपूर गाठायचं, एवढा सरळ हिशेब होता. मेहुणी रडून रडून अर्धी झाली. आणि हा वारा सुटला, की संध्याकाळी मला ओढून तळ्यावर! अर्ज भर म्हटलं तर, भरले की, म्हणायचा आणि गळाला गाठ मारत बसायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

अखेर दूर दक्षिणेतल्या अल्फारेटा गावच्या एका कंपनीत गोष्टी जुळत आल्या. शुक्रवारी दुपारी त्यांचा शेवटचा फोन यायचा होता. त्या दिवशी सोसाट्याचा वारा होता, म्हणजे हा घरात बसणं शक्यच नव्हतं. मी सुट्टी टाकली आणि त्याच्या पाळतीवर बोटीत जाऊन बसलो. फोन त्यानं भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटीच्या टोकाला बांधला होता. आम्ही वाऱ्याच्या काठाला पोचलो, ह्याच्या गळाला मासा लागला आणि त्याच क्षणी फोन वाजला. हा मासा खेळवतोय, मी मागून लाटा गिळत ओरडतोय, ‘बास! अरे, बास!’ आणि हातानं फोनकडे दाखवतोय. त्यानं मागे वळून आनंदानं विचारलं, ‘कुठं भाऊ? आणखी दिसला का?’ हातातला मासा झटपट सोडून त्यानं मी दाखवत होतो नेमक्या त्याच दिशेला गळ फेकला. रबरी अळी फोनच्या पिशवीवरून सूं करत पाण्यात पडली. फोन वाजायचा थांबला.

मग मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी एवढंच म्हणालो, ‘तुला इथं राहायचंच नाहीये. सरळ सांग ना तसं!’

त्यानं गळ गुंडाळला, पिशवी सोडली आणि उलटा फोन लावला. बोलणं मिनिटभरच झालं. ‘थँक यू फॉर लेटिंग मी नो,’ असं अगदी अदबीनं म्हणून त्यानं फोन ठेवला. कंपनीनं व्हिसावाल्यांना घेणंच बंद केलं होतं, तेवढं कळवायलाच तो फोन होता. उचलला असता तरी तेच ऐकायला मिळालं असतं. माझा सगळा राग तोंडातच राहिला. कुणावर काढायचा तेच कळेना.

बोट हलत होती. पिशवी पुन्हा टोकाला बांधता बांधता तो म्हणाला, ‘भाऊ, इतकी वर्षं इथं जे मागितलं त्याला थांबा म्हणाले. मासे धरायचं लायसन्स तेवढं पहिल्याच दिवशी हातात दिलं, हसून. म्हणून येत होतो.’

आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या बोटीतून उतरायची घाई नव्हती.

ते तिघं नागपूरला गेले. बोट त्यानं माझ्या गॅरेजमध्ये ठेवलीय, आणि तिच्यामुळे माझी गाडी भर थंडीत बाहेर उभी असते, हा माझा ताजा संताप. शनिवारी सकाळी त्याचा फोन येतो, तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. नवी नोकरी, लेकीची शाळा, तिथलं ऊन, सगळं सांगून होतं. मग सहज विचारल्यासारखं विचारतो, ‘भाऊ, वारा आहे का आज?’

परसातलं मॅपलचं झाड मुळापासून गदगदत असतं. मी उठतो, फोनवर हात ठेवून खिडकी घट्ट लावून घेतो.

‘नाही रे,’ मी सांगतो, ‘पानसुद्धा हलत नाहीये.’