गुडघाभर पाण्यातली कोळंबी

भागोजीची आणि समुद्राची पहिली गाठ पडली तेव्हा भागोजी पाच वर्षांचा होता आणि समुद्र पुरेसा मोठा होता. बापाने त्याला होडीत बसवला मात्र, एक लाट हातातली सगळी कामं टाकून थेट अरबस्तानाकडून निघाली आणि होडीतल्या चार माणसांना बाजूला सारून तिने नेमका भागोजीच उचलला. भागोजीच्या म्हणण्याप्रमाणे ती मिऱ्याच्या डोंगराएवढी होती आणि तिला डोळे होते. त्या दिवशी तो एवढं पाणी प्यायला की रत्नागिरीला ओहोटी तासभर आधी लागली.

पुढची तीस वर्षं त्याने दर्याशी बोलणं ठेवलं नाही. भाऊ होडी घेऊन जात आणि हा पक्का खारवी, जातीचा मासेमार, किनाऱ्यावर बसून जाळी शिवी. पण चौऱ्याऐंशीच्या संक्रांतीला थोरल्या भावाने, केरूने, निकाल दिला. "नारळी पुनवेपासून तू होडीवर. जाळी शिवायला घरात बायका हायत."

भागोजीची झोप उडाली. त्याच आठवड्यात मत्स्य खात्याचे एक साहेब वाडीत आले आणि खाडीकाठच्या खाजणात बांध घालून कोळंबी पाळता येते, असं सांगून गेले. होडीत पाय न घालता मासळी! केरू हसला, पण कबूल झाला. पावसाआधी तळं पिकलं तर भागोजी जमिनीवर. नाही पिकलं तर होडी.

साहेबांनी छातीभर पाणी ठेवायला सांगितलं होतं. भागोजीने गुडघाभर ठेवलं.

"कोळंबी ती केवढी, तिला पाणी लागतं किती," तो बायकोला समजावी.

तुळसा रोज बाजारात मासळी विकणारी बाई. तिला समजवणं सोपं नव्हतं. "कोळंबीला पोहता येतं," ती म्हणाली. "तुमाला येत नाय."

मे महिन्यातल्या अमावास्येच्या दुपारी ते गुडघाभर पाणी तापलं. भागोजीने पाय घातला आणि चहात पडल्यासारखा मागे घेतला. कोळंबी पाण्यावर येऊन तडफडत होती, काही काठाला आडवी झाली होती. बांधापलीकडे खाडीला उधाण आलेलं. ते गार पाणी आत घ्यायचं तर उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या दाराच्या, फळ्या उपसायला हव्या होत्या. आणि दारापाशी तळ्यात खड्डा होता, पुरुषाच्या छातीएवढा.

"उतरा," तुळसा म्हणाली.

"केरूला हाक मारू?"

"भावजी दर्यात हायत. ते येतील तवर तळ्याचं सार होईल."

"मग तू उतर."

"मी दोरी धरतंय. कमरेला बांधा."

भागोजी उतरला. मांडीला पाणी लागलं तेव्हा त्याने ग्रामदेवीला नारळ बोलला, कमरेला लागलं तेव्हा कोंबडा. छातीला पोचेपर्यंत बोलायला काही उरलं नाही. पायाखालचा चिखल त्याला आत ओढत होता. त्याने डोळे मिटून पहिली फळी उपसली. खाडी धाडकन आत आली आणि त्याच्या छातीवर बसली. श्वास कुठे ठेवला होता तेच त्याला आठवेना. दुसरी फळी कशी निघाली, ते त्याला कधीच सांगता आलं नाही.

हाताला काहीतरी धरायला हवं होतं. दाराला बारीक जाळी लावलेली असे, पाणी आत यावं आणि कोळंबी खाणारे मोठे मासे बाहेर राहावेत म्हणून. भागोजीने ती दोन्ही हातांनी धरली. ती चौकटीसकट निघाली.

तुळसाने त्याला दोरीने बांधावर ओढला. तो जाळीला मिठी मारून होता.

"ती खाली लावायची हाय."

"हो."

"मग सोडा ना."

बोटं सुटेनात. मेच्या उन्हात त्याचे दात वाजत होते. शेवटी तुळसाने एकेक बोट उलगडलं, लुगडं खोचलं आणि स्वतः उतरून जाळी बसवली, वर फळ्या लावल्या. तोवर तासभर दार सताड उघडं होतं. कोळंबी मात्र शांत झाली होती. तळं छातीभर भरलं होतं आणि भागोजी काठापासून चार हात लांब बसून त्याच्याकडे बघत होता.

मिरगाच्या आधी तळं उपसलं. आत खाडीतले अकरा जिताडे मासे निघाले, चांगले पोसलेले. कोळंबी ओंजळभर. नारळी पौर्णिमेनंतर भागोजी केरूच्या होडीवर गेला आणि पुढे एकोणीस वर्षं जात राहिला. पोहायला तो शिकला नाही.