फ्लश घातलेली जीप

हातात असेल ते आधी फेकायचं आणि मग बोलायचं, ही आमच्या मिस्त्रींची रीत. पाना, जुना प्लग, चहाचा रिकामा ग्लास, काहीही. पोलादपुरात माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांचं गॅरेज यांच्यामध्ये एकच पत्रा होता. त्या पत्र्याला पडलेले पोचे तुम्ही पाहायला हवे होते.

मीही त्यांचा मार खाल्लाय. माझ्या जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडून त्यांनी आत क्लीनरचा फवारा मारला होता. त्यातल्या पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. "भिजू दे त्याला," ते म्हणाले. मला घाई होती. मी तारेचा तुकडा घेऊन भोकात खुपसला. पाठीत असा दणका बसला की तार कुठे उडाली कळलं नाही.

"पितळ हाय ते! भोक मोठं झालं तर जल्मभर पेट्रोल ढोसंल."

संध्याकाळ झाली. मग पत्र्यापलीकडून आवाज आला, "पाठ दुखते का रे?"

इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, दुसरं टोक डाव्या कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. आत काय बिघडलंय ते त्यांना ऐकू यायचं. तेवढा वेळ हा माणूस देवासारखा शांत असे.

त्या बाजाराच्या दिवशी उमरठकडे माणसं नेणारी एक जीप आली. इंजिनातलं तेल डांबर झालेलं. मिस्त्रींनी तेलात फ्लशची बाटली ओतली. आतला गाळ सुटावा म्हणून घालतात ते औषध. इंजिन चालू ठेवून त्यांनी ड्रायव्हरला बजावलं, "धा मिनटं हितंच चालू ठेव. हलायचं नाय. मग सगळं तेल काढून नवं भरू."

"हो मिस्त्री," ड्रायव्हर म्हणाला.

मिस्त्री नव्या तेलाचा डबा आणायला आत गेले. जीपमधली माणसं "चल की रे, किती वेळ!" म्हणून ओरडायला लागली. ड्रायव्हरने गियर टाकला आणि निघाला.

मिस्त्री धावत बाहेर आले ते ओरडतच. हातातला पाना त्यांनी भिरकावला तो थेट जीपच्या मागच्या काचेवर. काच खळकन फुटली, आतल्या बाया किंचाळल्या. असं झाल्यावर कोण थांबेल? जीप आणखीच सुसाट सुटली.

"स्कूटर दे!"

मी मागे बसलो. ते वाटभर ओरडत होते, "सुटलेला गाळ जाळीत अडकला की तेल वर चढत नाय. भर चढणीला इंजिन धरंल, जागीच जाम. इंजिन गेलं की ब्रेकचा दगड होतो, दाबला तरी लागत नाय. मागं काय हाय, दरीच ना?"

चढण सुरू व्हायच्या आधी आम्ही जीपच्या पुढे निघालो. मिस्त्रींनी स्कूटर आडवी घातली. जीपने करकचून ब्रेक मारला तरी धक्का बसलाच. मी गटारात पडलो. उठतो तर मिस्त्रींनी ड्रायव्हरला कॉलर धरून खाली ओढलेलं, दोन ठोसे तोंडावर हाणलेले, ओठ फाटलेला, आणि जीपची चावी स्वतःच्या मुठीत.

आता त्या माणसांच्या जागी तुम्ही असतात तर काय समजला असतात? काच फोडली, पाठलाग केला, ड्रायव्हरला मारलं, चावी काढली. सगळे खाली उतरले. लाथा, चपला, बुक्क्या. "ऐका, ऐका!" करत मी मध्ये घुसलो, तर मलाही दोन बसल्या. एकाने बाजारातून खोऱ्याचा नवा दांडा घेतला होता. तो त्याने मिस्त्रींच्या डाव्या कानावर घातला. मिस्त्री गुडघ्यावर आले. एकजण त्यांच्या मुठीवर टाच देऊन उभा राहिला, तरी मूठ उघडली नाही.

माणसं दमली तेव्हा ते रांगत जीपखाली शिरले. खिशातला दुसरा पाना काढून त्यांनी खालचा बोल्ट सोडवला. गरम तेल हातावर आलं, त्यातून काळ्या गुठळ्या रस्त्यावर पडल्या. एक गुठळी तळहातावर घेऊन त्यांनी ड्रायव्हरपुढे धरली. ड्रायव्हरने गुठळी पाहिली, मग पुढची चढण पाहिली आणि मटकन रस्त्यातच बसला.

एका म्हातारीने डोक्यावरचं फडकं सोडून मिस्त्रींच्या कानाला बांधलं. "आधी नाय का सांगायचं रे, मेल्या?"

"सांगतच होतो गो. तुमी ऐकाल तवा ना!"

तो कान गेला. महाडच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मिस्त्रींनी उजव्या कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून पाहिला. "ह्याला ती भाषाच येत नाय," म्हणाले. पुढे वर्षभर गॅरेज चाललं, पण पत्र्यावर एकही पोचा नवा पडला नाही. मला ते बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शेवटी ते मुंबईला मुलीकडे निघाले. एसटी स्टँडवर मी होतो, आणि न बोलावता तो ड्रायव्हरही आला होता. पिशवी त्याने वर चढवून दिली. खिडकीपाशी उभा राहून हळूच म्हणाला, "मिस्त्री, माफ करा."

"काय?"

"माफ करा म्हटलं."

"मोठ्यानं बोल! ऐकू येत नाय."

"माफ करा मिस्त्री!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. अख्खा स्टँड वळून बघायला लागला. ड्रायव्हर रडत होता. मिस्त्रींनी खिडकीतून हात काढून त्याच्या गालावर ठेवला, आणि गाडी हलली.

मी तिथेच उभा राहिलो. ड्रायव्हर ज्या खिडकीपाशी उभा होता, ती मिस्त्रींच्या उजव्या, चांगल्या कानाकडची होती.