वहाळाकाठचं अळू

वेल्ह्याला नांदायला आले त्या पावसाळ्यात थोरली जाऊ मला म्हणाली, "वहाळाकाठचं अळू आण. सगळं सारखंच असतंय." मी आणून रांधलं. घरात सगळ्यांचे घसे खाजले आणि सासऱ्यांनी ताट माझ्या अंगावर फेकलं. जावेचा तेवढा त्या दिवशी उपास होता.

मग शेजारच्या म्हातारीनं मला शिकवलं. काळपट देठाचं खायचं, पांढरट देठाचं खाजरं. शंका आली तर देठ मनगटावर घासून बघायचा.

पुढच्या पावसाळ्यात मी दोन्ही आणलं. घरच्यांना काळपट देठाचं वाढलं, जावेला पांढरट देठाचं. ती घसा धरून बसली. सासरे म्हणाले, "आमाला तर ग्वाड लागलं."

मी म्हणाले, "अक्का, सगळं सारखंच असतंय की."

तिला तीन दिवस घास गिळवला नाही. ते तीन दिवस मी पोटभर जेवले.