स्कोप खाली कुणी बसवला?

सरपणाच्या शेडमध्ये करड्या ब्लँकेटात गुंडाळलेली ती रायफल मी अजून विसरलेलो नाही. निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. याहून मोठे तपास पुसट झाले, पण हे लहानसं प्रकरण तपशिलासकट आठवतं. त्यात माझं वागणं चांगलं नव्हतं, म्हणून आठवत असावं.

मी मूळचा पुण्याचा. न्यूझीलंडच्या पोलिसात भरती झालो तेव्हा आमच्या तुकडीत वयाने सर्वांत मोठा मीच होतो. नोकरीची शेवटची वर्षं पामर्स्टन नॉर्थच्या ठाण्यात काढली. शहर लहान, विद्यापीठाचं. शिकायला येऊन इथेच राहिलेली बरीच मराठी मंडळी आहेत. त्यांतल्या दोघांचं हे प्रकरण. नावं सांगणार नाही. एकाला इंजिनिअर म्हणतो, दुसऱ्याला लॅबवाला. दोघं एकाच वर्षी आले, विद्यार्थी असताना एकाच फ्लॅटमध्ये राहिले. पुढे दोघांनी बंदुकीचा परवाना काढला आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात हरणाच्या शिकारीला जाऊ लागले. इथे त्यात वावगं काही नाही, निम्म्या गावाचा फ्रीजर त्यावर भरतो. दोघांच्या रायफली एकाच मॉडेलच्या होत्या.

एका सोमवारी सकाळी इंजिनिअर ठाण्यावर आला. आदल्या दिवशी तो बायको-मुलीला घेऊन दोन तासांवरच्या जॉन्सनव्हिलला एका मराठी कार्यक्रमाला गेला होता. परत येऊन पाहतो तर तिजोरीतली रायफल गेलेली. दार फोडलेलं नाही, तिजोरीही किल्लीने उघडलेली. बोल्ट मात्र घरातच दुसऱ्या कुलपात सुरक्षित होता. बोल्ट म्हणजे मूठ वर उचलून मागे-पुढे करायचा तो दांडा. त्याने काडतूस आत जातं. तो काढून वेगळा ठेवला की रायफल निरुपयोगी होते, म्हणून बरेच जण तसा ठेवतात.

"घराची किल्ली आणखी कुणाकडे असते?" मी विचारलं.

तो म्हणाला, "एका मित्राकडे. आम्ही गावाला गेलो की मांजराला खायला घालतो. तिजोरीची किल्ली कुठे असते तेही त्याला ठाऊक आहे. पण सर, त्याच्यावर माझा संशय नाही हां."

संशय नाही असं न विचारता सांगणाऱ्या माणसाकडे नीट बघावं, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. त्या दिवशी मी स्वतः बघितलं नाही.

मंगळवारी सकाळी ठाण्यावर निनावी फोन आला. लॅबवाल्याच्या घरामागे सरपणाच्या शेडमध्ये बघा, एवढंच सांगून फोन बंद झाला. आम्ही वॉरंट काढून दुपारी झडती घेतली. लाकडांच्या थप्पीमागे रायफल सापडली. लॅबवाला दारात उभा होता. त्याची बायको हॉस्पिटलमध्ये नर्स. रविवारी ती ड्यूटीवर होती आणि हा दिवसभर घरी एकटा. साक्षीदार नाही. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज त्याच महिन्यात गेलेला होता.

"ही इथे कशी आली मला माहीत नाही," तो इंग्रजीत म्हणाला. मग माझ्याकडे बघून मराठीत, "सर, खरंच माहीत नाही."

त्याचा परवाना त्याच दिवशी स्थगित झाला, त्याची स्वतःची रायफलही आम्ही ताब्यात घेतली.

इंजिनिअरला ओळख पटवायला बोलावलं. तो लगेच म्हणाला, "माझीच आहे. पण स्कोप असा नव्हता. मी उंच बसवला होता. हा कुणीतरी खाली घेतलाय." आणि थोड्या वेळाने, "स्कोप खाली बसवायचं वेड त्यालाच आहे. शिकारीच्या क्लबमध्ये सगळ्यांना सांगत असतो."

मला शिकारीतलं फार कळत नाही. स्कोप म्हणजे नेम धरायची दुर्बीण, ती रिंगांमध्ये आवळून नळीच्या वर बसवतात, एवढं माहीत होतं. रिंगा बुटक्या असल्या की दुर्बीण खाली येते, गाल दस्त्यावर नीट टेकतो, मान ताणावी लागत नाही. लॅबवाल्याने चोरलेली रायफल आपल्या सोयीची करून घेतली, असं मी वहीत लिहिलं आणि माझ्या मते तपास संपला.

माझ्यासोबत एक तरुण कॉन्स्टेबल होती. शेतावर वाढलेली, लहानपणापासून बापाबरोबर डोंगरात हिंडलेली. ठाण्यात आली तेव्हा जबाब कसा घ्यावा, फाइल कशी लावावी, हे तिला मी शिकवलं. आणि आदल्याच आठवड्यात सार्जंटच्या जागेसाठी तिचं नाव पुढे गेलं होतं. माझं गेलं नव्हतं. मी हसून तिचं अभिनंदन केलं, केक आणला. घरी जाऊन बायकोशी दोन दिवस धड बोललो नाही.

बुधवारी सकाळी तिने मुद्देमालाच्या खोलीत इंजिनिअरकडून आणलेला बोल्ट रायफलीत घातला आणि मला हाक मारली.

"हे बघ. मूठ वर येत नाही."

बोल्टची मूठ वर उचलली की अर्ध्यात स्कोपच्या मागच्या जाड भागावर आपटत होती. रायफल उघडतच नव्हती.

"ज्याने हा स्कोप बसवला त्याने बोल्ट घालून पाहिलाच नाही," ती म्हणाली. "खाली बसवायची सवय असलेला माणूस सर्वांत आधी हेच बघतो. हे त्याचं काम वाटत नाही मला."

मी म्हणालो, "चोराकडे बोल्ट नव्हताच. कसं बघणार?"

"त्याच मॉडेलची रायफल त्याच्या घरी आहे ना. त्याला ठाऊकच असणार. निदान विचार तरी."

तिचं म्हणणं बरोबर आहे, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी म्हटलं, "बघतो." आणि पाहिलं नाही. फाइलमध्ये नोंद केली नाही, लॅबवाल्याला बोलावलं नाही. इंजिनिअरचे शेजारी, कार्यक्रमाला गेलेली माणसं, असले जबाब घेत बसलो. ती माझ्याकडे एकदोनदा बघून गेली.

गुरुवारी लॅबवाल्याला तो नोकरी करायचा त्या संस्थेतून सांगण्यात आलं की चौकशी संपेपर्यंत घरी राहा. त्याच्या बायकोने मला फोन केला. "आमच्याकडे कुणी येत नाहीये," ती म्हणाली. "ग्रुपवर सगळ्यांना कळलंय. माझ्या सासूबाईंना तिकडे सांगलीत फोन गेला. तुम्ही आपल्यातले आहात, निदान तुम्ही तरी काही सांगा." मी तिला तपास चालू आहे असं सांगितलं.

शुक्रवारी मात्र मी त्याला बोलावलं. वकील हवा का, दुभाषी हवा का, हे रीतसर विचारलं. त्याने दोन्ही नको म्हटलं. कॅमेरा सुरू झाला. रायफलीचा फोटो त्याच्यासमोर ठेवला. रायफल सापडली तेव्हा त्याने ती ब्लँकेटातच पाहिली होती. तो फोटोवर वाकला आणि प्रथमच त्याच्या आवाजात चीड आली.

"हा कुणी बसवलाय? याचा बोल्ट उघडणार नाही."

"कशावरून?"

"या स्कोपला सगळ्यात बुटक्या रिंगा चालत नाहीत. मी माझ्या रायफलवर हीच चूक करून बसलो होतो. मूठ आपटते. मग एक नंबर वरच्या रिंगा घेतल्या. माझी रायफल तुमच्याकडेच आहे, बघा ना."

आम्ही मुद्देमालाच्या खोलीत जाऊन पाहिली. त्याचाही स्कोप खाली होता, पण मूठ आणि स्कोप यांच्यामध्ये जाड पुठ्ठा जाईल एवढी जागा सोडलेली. कॉन्स्टेबल माझ्या शेजारी उभी होती.

दुपारी आम्ही दोघं गावातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराला गिऱ्हाईक लक्षात होतं. चोरीच्या आधीच्या शुक्रवारी इंजिनिअरने सर्वांत बुटक्या रिंगा नेल्या होत्या. "मी त्याला म्हटलं, बोल्ट लावून रायफल घेऊन ये, बसतात का ते बघून देतो," दुकानदार म्हणाला. "तो म्हणाला, घाई आहे."

इंजिनिअरला बोलावून पावतीची प्रत टेबलावर ठेवली. तो ती बराच वेळ वाचत राहिला, जणू त्यात आणखी काही लिहिलेलं होतं. मग म्हणाला, "त्याला मी शिकवलं, सर. रायफल धरायची कशी, तेसुद्धा."

मी वही उघडली.

"इथे आलो तेव्हा भाजी कुठे स्वस्त मिळते तेही मीच दाखवलं. नोकरी त्याला आधी. घर आधी. तेही ठीक आहे. पण एप्रिलमध्ये त्याने बारा टोकांच्या शिंगांचं हरीण मारलं. मी वरच्या धारेवर होतो, मला आवाज फक्त ऐकू आला. क्लबच्या भिंतीवर त्याचा फोटो. गणपतीत सगळे त्याच्याभोवती. आणि माझी मुलगी, ती मराठी बोलत नाही, इंग्रजीतच त्याला विचारते, काका, पुढच्या वेळी मी येऊ का? मला कधी विचारलं नाही तिने."

"मग स्कोप कशाला हलवलात?"

"म्हणजे त्यानेच चोरली असं वाटेल. त्याच्यासारखा बसवायचा होता." त्याने पावती माझ्याकडे सरकवली. "तेही जमलं नाही."

फोन त्यानेच केला होता. रविवारी निघायच्या आधी बायको-मुलगी आवरत असताना तो लॅबवाल्याच्या घरामागे जाऊन रायफल ठेवून आला होता. सरपणाच्या शेडला कुलूप नव्हतं. पुढे त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. समाजसेवेची शिक्षा झाली, परवाना गेला, आणि ते कुटुंब दुसऱ्या शहरात राहायला गेलं.

मी लॅबवाल्याच्या घरी स्वतः गेलो. नागरिकत्वाच्या अर्जाला अडथळा येणार नाही असं पत्र नेलं होतं. त्याच्या बायकोने चहा केला. मित्राचं नाव कुणीच काढलं नाही. मी उठल्यावर तो म्हणाला, "सर, एक विचारू? तुमच्या कॉन्स्टेबल मॅडम परवा रायफल परत करायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, त्यांना बुधवारीच दिसलं होतं. मग मला शुक्रवारी का बोलावलंत? गुरुवारी मला घरी बसवलं."

"कामाच्या गर्दीत राहून गेलं," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. त्याचा विश्वास बसला असावा, किंवा त्याला वाद घालायचा नसावा.

माणूस का घसरतो, हे ओळखण्यात माझी हयात गेली. इंजिनिअर बोलत होता तेव्हा टेबलाच्या या बाजूला बसून मला त्याचा एकेक शब्द कळत होता, तो माझ्या हुशारीमुळे नव्हे. त्याने मित्राविरुद्ध रायफल वापरली, मी एका निरपराध माणसाचे दोन दिवस वापरले. त्याला शिक्षा झाली. माझा निवृत्तीच्या वेळी निरोपसमारंभ झाला, आणि त्यात माझ्याविषयी सर्वांत चांगलं बोलली ती आमची नवी सार्जंट.

लॅबवाल्याला त्या दिवशी द्यायचं राहिलेलं उत्तर इथे देतो. काम काहीच नव्हतं. तिला माझ्याआधी दिसलं, एवढंच कारण होतं.