साहेबाचा पाय आणि माझं बिऱ्हाड

नातीच्या गाडीत एक बटण आहे. ते दाबलं की गाडी आपली आपण त्याच वेगानं पळत राहते आणि नात पाय आखडून बसते. परवा इथं कतारात दोह्याहून दुखानकडे जाताना तिनं ते दाबलं आणि मला दाखवायला पाय वर उचलला.

मी म्हटलं, "पोरी, हे यंत्र मी ह्याच रस्त्यावर चालवून बघितलंय. तुझा बाप जन्मायच्या आधी."

"रिलॅक्स, दादा," ती म्हणाली.

हल्ली मी काहीही बोललो की मला रिलॅक्स व्हायला सांगतात. म्हातारी गेल्यापासून जास्तच. ती असती तर म्हणाली असती, "खोटं नाय बोलत ते. त्या यंत्रापायीच मी हिकडं आले." आता साक्ष द्यायला ती नाही, म्हणून लिहून ठेवतो. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन काढू नका.

साठ सालानंतरची गोष्ट. दुखानला तेल कंपनीच्या गॅरेजात मी मिस्त्री होतो. रत्नागिरीकडची आम्ही पाच-सहा मुसलमान माणसं तिथं एका बराकीत राहायचो. कंपनीनं वस्ती नीट आखली होती. वारा पहिला साहेबांच्या बंगल्यांना लागायचा, मग कारकुनांना, आणि उरलासुरला धुळीसकट आम्हाला. आमच्या बराकीला नाव होतं बॅचलर क्वार्टर. आमच्या फिटरला पाच पोरं होती, पण कंपनीच्या लेखी तो बॅचलर. त्याला आम्ही म्हणायचो, "तुझ्यासारखा ब्रह्मचारी उभ्या कोकणात नाही."

माझंही लग्न झालेलं होतं. सुट्टीवरून निघताना बायकोनं उंबऱ्यात सांगितलं होतं, "न्यायचं असंल तर न्या. नायतर मी म्हायेरी जाते, आनि परत येनार नाय." ती धमकी देणाऱ्यातली नव्हती. बोलली की करायची. कुटुंब आणायला कंपनीची खोली लागायची आणि खोलीला आमच्या खात्याच्या साहेबाची सही. साहेब विलायतेचा, सही न करण्यात वाकबगार. विचारलं की म्हणायचा, "देखेंगे, मिस्त्री." दोन वर्षं तो देखतच होता.

ह्या साहेबाकडे एक लाल गाडी होती. दोनच माणसांची, वर टप नाही, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की ती गाडी बसायची नव्हे, पायात घालायची वाटे. गाव केवढं, तर सायकलवर विडी पेटवली तर विझायच्या आत संपायचं. पण शुक्रवारी साहेब ती घेऊन दोह्याला सुटायचा. उंटवाल्यांपासून पाण्याच्या टँकरवाल्यांपर्यंत सगळे तिला ओळखायचे. लांबून लाल ठिपका दिसला की लोक जनावरं आवरायचे.

एका अमेरिकन ड्रिलरनं सुट्टीवरून येताना साहेबाला एक खोका आणून दिला. आत डबा, तार, साखळी आणि आकडे लिहिलेली एक खुंटी. खुंटी हव्या त्या आकड्यावर फिरवायची, मग डबाच कार्बोरेटर ओढून धरणार आणि गाडी त्या वेगावर राहणार. ब्रेकला पाय लागला की डबा सोडून देणार.

मला हसू आलं, पण ते मी दाढीत ठेवलं. साहेबाचा चहा एक जण करायचा, बूट दुसरा पुसायचा, दार तिसरा उघडायचा. त्याच्या अंगावर उरलेलं काम एकच, उजव्या पायानं गाडी पळवणं. तेही त्याला जड झालं होतं.

"बसवून दे," साहेब म्हणाला. "क्लबात मी सगळ्यांना सांगून बसलोय. दुखानची वेस सोडली की दोहा येईपर्यंत पाय लावणार नाही."

मी म्हटलं, "साहेब, आणि माझी खोली?"

तो खुशीत होता. "हे दोह्यापर्यंत चाललं तर सही. नाही चाललं तर परत विचारू नकोस."

झालं. माझी बायको त्या डब्याला बांधली गेली.

खोका होता अमेरिकन मोठ्या गाडीचा आणि आमची गाडी बारकी, विलायती. तिला कार्बोरेटर दोन, डबा ओढणार एकच. मी पत्रा कापून जोड बनवला, सायकलच्या साखळीच्या कड्या घातल्या, दोन्ही एकदम ओढले जातील असं केलं. वेग मोजायला मीटरची तार त्या डब्यातून फिरवून न्यायची होती, तीही नेली. गॅरेजात फिटर येऊन बघायचा आणि म्हणायचा, "वहिनी कुठपर्यंत आल्या?" मी म्हणायचो, "अजून बोल्ट आवळायचाय." कधी म्हणायचा, "आज वहिनी मस्कतला पोचल्या वाटतं."

शुक्रवारी दुपारची नमाज झाली आणि निघालो. मधे बिघडलं तर बघायला साहेबानं मला शेजारी घेतलं. वेस सुटली. साहेबानं खुंटी साठावर फिरवली आणि पाय उचलून माझ्याकडे असं बघितलं, जसा पोरगा पहिल्यांदा हात सोडून सायकल चालवताना बघतो.

डब्यानं वेग धरला. छान धरला. पण पस्तिसावर. साहेबानं खुंटी शेवटपर्यंत पिळली, गाडी चाळिसाला आली आणि तिथंच बसली. कारण मला लगेच कळलं. आमच्या गाडीच्या मीटरची तार अमेरिकन गाडीच्या तारेपेक्षा भराभर फिरायची, म्हणून डब्याला वाटत होतं आपण वाऱ्यासारखे सुटलोय. कळून उपयोग काय? तिथं तारेला बदलायला दुसरं दातेरी चाक नव्हतं.

"ठीक आहे," साहेब म्हणाला. "मी वेगाचं बोललो नव्हतो. पायाचं बोललो होतो."

मला तर त्याहून बरं. उशिरा का होईना, दोहा आलं म्हणजे झालं. मी मनातल्या मनात बायकोची पेटी भरायला घेतली.

पण आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. वाळवंटात कुणी रस्त्यावर अडलेला दिसला तर त्याला टाकून पुढे जायचं नाही, हा तिथला रिवाज. आणि जी लाल गाडी दर शुक्रवारी बंदुकीच्या गोळीसारखी जायची, ती आज म्हशीसारखी चाललेली. बघणाऱ्यानं काय समजायचं? मरायला टेकली.

पहिला पाण्याचा टँकरवाला बाजूला आला. त्याच वेगानं चालवत ओरडला, "क्या हुआ? पानी मंगता?" मी हात हलवून म्हटलं, "सब ठीक. यल्ला, जाव!" तो साहेबाकडे दयेनं बघत पुढे गेला. पाण्यानं भरलेला टँकर, आणि आम्हाला मागे टाकून गेला. साहेबाचे कान गाडीच्या रंगाचे झाले. मग एक लॉरी. तिचा पठाण ड्रायव्हर खिडकीतून दोरी दाखवत बराच वेळ सोबत चालला. त्याला वाटलं साहेब लाजतोय. "शरम मत करो, साब! सबका गाडी बिगडता!"

साहेब दात आवळून म्हणाला, "मिस्त्री, ह्यांना सांग मला मदत नको."

"सांगतोय साहेब. जेवढं सांगतो तेवढी त्यांना काळजी वाटते."

मग मागून एक जुनी पिकप आली. वर शेळ्या, चालवायला एक म्हातारा बेदुईन. त्यानं मला विचारलं, मी सांगितलं सगळं ठीक आहे. त्यानं इंजिनाचा आवाज ऐकला, साहेबाचा चेहरा बघितला आणि ठरवलं की ही माणसं तहानेनं भ्रमलीत. पुढे गेला, आणि पिकप रस्त्यात आडवी लावली.

"साहेब, बाजूनं काढा!" मी ओरडलो. बाजूला वाळू. साहेबानं ब्रेक दाबला. डब्यानं कार्बोरेटर सोडला आणि माझी बायको तिथंच उतरली.

म्हाताऱ्यानं आमचं काही ऐकलं नाही. त्याचा तंबू रस्त्यापासून दिसत होता. तिथं नेऊन बसवलं. भाऊबंद जमले, खजूर आले, कहवा म्हणजे त्यांची बिनसाखरेची कॉफी आली. साहेब चपलेवर बसावं तसा अवघडून त्या गालिच्यावर बसला होता. त्याला मांडी घालता येत नव्हती. पायाला काम नसलं की असं होतं.

पहिली वाटी साहेबाच्या हातात दिली, दुसरी माझ्या. साहेब वाटी धरून बाहेर गाडीकडे बघत बसला, पीत नव्हता. आता आमच्यात वडीलधारं माणूस किंवा साहेब तोंडाला लावल्याशिवाय आपण पीत नाही. म्हणून मी वाटी खाली ठेवली आणि थांबलो.

सगळे माझ्या वाटीकडे बघायला लागले. म्हातारा माझ्याकडे वळून ताठ बसला आणि म्हणाला, "बोल. काय हवंय तुला? मिळालं समज. आता पी."

मला आधी कळेना. मग आठवलं. दुखानच्या अरब चौकीदारानं मला सांगितलं होतं: पाहुण्यानं कहवा न पिता खाली ठेवला, तर त्याचं काही मागणं असतं. मालकानं ते मान्य केल्याशिवाय तो पीत नाही, आणि पाहुणा तसाच उठून गेला तर चारचौघांत यजमानाची अब्रू जाते.

मला काही मागायचं नव्हतं. मी रीत पाळत होतो. पण दरवाजा उघडा दिसल्यावर मी काय म्हणणार, चुकून वाजवला? मी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, "मला माझी बायको हवी."

"कुणी नेली?"

"कुणी नाही. गावाला आहे. हा माणूस सही करत नाही."

सगळ्यांनी साहेबाकडे बघितलं. साहेब म्हणाला, "काय झालं? काय विचारतायत?"

आता दोन्हीकडची भाषा येणारा मी एकटाच. माझीच फिर्याद मलाच साहेबाला उलगडून सांगायची होती. मी काही लपवलं नाही. "साहेब, मी ह्यांच्याकडे माझी बायको मागितली. ह्यांनी कबूल केलं. आता सही तुमची आहे म्हणून ह्यांची अडचण झालीय."

"आपली अट ठरली होती. गाडी दोह्याला पोचली नाही."

मी ते अरबीत सांगितलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "गाडीचा आणि बायकोचा काय संबंध?" मी यंत्राचं सांगितलं, पाय न लावता चालायचं. त्यानं ते दोनदा वदवून घेतलं. मग विचारलं, "ह्याच्या पायाला दुखापत आहे का?"

"नाही. चांगला आहे."

"मग हा त्या पायाचं काय करणार होता?"

हा प्रश्न मी इंग्रजीत नेलाच नाही.

म्हाताऱ्यानं मला साहेबाला सांगायला लावलं: "रस्त्यात गाडी मी आडवी घातली. तुझी अट मी मोडली. ह्याचा दोष नाही. आणि ह्यानं माझ्या तंबूत मागितलंय. त्याचा कहवा गार होतोय."

साहेबानं माझ्या वाटीकडे बघितलं, भोवतालच्या दाढ्यांकडे बघितलं. क्लबात पोचून काय सांगायचं, हेही त्याच्या मनात असणार. पाय लावला म्हणण्यापेक्षा शेखानं अडवून पाहुणचार केला म्हणणं केव्हाही बरं. म्हाताऱ्याकडे दोन तंबू आणि शेळ्या, पण क्लबात तो शेख झालाच.

"ऑल राइट," तो म्हणाला. "सोमवारी."

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

म्हातारा माझ्यावर ओरडला, "इन्शाल्ला नंतर! आधी त्याचा हात घे!"

हात घेतला. कहवा प्यालो. कडू जहर, पण तसा परत कधी मिळाला नाही. मग साहेबानं दोह्यापर्यंत स्वतःच्या पायानं गाडी अशी हाणली की समोरून परत येणाऱ्या त्या टँकरवाल्यानं आम्हाला ओळखून आनंदानं हॉर्न वाजवला. त्याला वाटलं, दुरुस्त झाली.

सोमवारी सही झाली. थंडीत माझी बायको बोटीनं आली. हातात पेटी, डोक्यावर सुकटीचं गाठोडं. दुखानला खोलीच्या दारात उभी राहून तिनं चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "गाव कुठाय?"

"हेच गाव."

"बरा," ती म्हणाली, आणि स्टोव्ह शोधायला लागली.

सुकटीचा वास बराकीपर्यंत गेला. माणसं एकेक करून बाहेर येऊन उभी राहिली, जवळ कुणी येईना. तिनं पडद्याआडून मला सांगितलं, "असे काय उभे केलाव त्यांना? जेवायला बोलवा." भाकरी कमी पडल्या, तिनं परत थापल्या. फिटर दिवसभर माझी टिंगल करणारा, पण पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसेना, जेवत राहिला.

पडद्यामागून तिनं बघितलं असणार. म्हणाली, "भाऊजी, तिखट झाला काय वो?"

त्यानं मान हलवली, हो. मिरच्या तिनं कमीच घातल्या होत्या.